घरच्या लिनक्स संगणकावर कॅमेरा, पोर्ट किंवा लॉगइन अडले तर : दोष शोधण्याचा क्रम

वाशी, कोपरखैरणे, ऐरोली आणि ठाण्यात नौपाडा या भागांतील ओळखीच्या काही घरांमधले लिनक्स संगणक मी सांभाळतो. बोलावणे येते ते साधारण तीन तक्रारींसाठी : कॅमेरा किंवा माइक लागत नाही, मुलाच्या आर्डुइनोसारख्या इलेक्ट्रॉनिक्स बोर्डावर प्रोग्राम चढत नाही, किंवा पासवर्ड टाकला की पुन्हा तोच पासवर्डचा पडदा येतो. प्रत्यक्ष जाऊन पाहिल्यावर बहुतेक वेळा असे आढळते की मूळ दोष अगदी लहान होता, पण तो काढण्याच्या खटपटीत कोणीतरी प्रत्येक आज्ञेपुढे ‘सुडो’ (आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवणारा शब्द) लावले, कोणीतरी सगळ्या फाइल्स सर्वांना खुल्या केल्या, आणि आता एकाऐवजी चार दोष निस्तरायचे आहेत. उपाय चुकीचे होते असेही नेहमी नसते. क्रम चुकलेला असतो.

क्रम समजण्यासाठी एक गोष्ट आधी पक्की करावी. लिनक्समध्ये उपकरण वापरण्याची परवानगी दोन वाटांनी मिळते. पहिली वाट सेशनची : जो वापरकर्ता या क्षणी संगणकासमोर बसून पडदा वापरत आहे त्याला कॅमेरा, ध्वनी, स्कॅनर यांची परवानगी आपोआप मिळते आणि तो बाजूला झाला की ती काढून घेतली जाते. दुसरी वाट गटाची : एखाद्या वापरकर्त्याचे नाव विशिष्ट गटात घातले की त्याला ती परवानगी कायम राहते, मग तो समोर बसलेला असो वा नसो. पहिल्या वाटेच्या उपकरणाला दुसरा उपाय लावला, किंवा उलट केले, की घोळ सुरू होतो.

पुढील टप्पे उबुंटू २२.०४ आणि २४.०४, लिनक्स मिंट २२ आणि डेबियन १२ यांवर लागू पडतात. संगणकात लॉगइनच होत नसेल तर थेट टप्पा ८ वाचावा.

तयारी

आज्ञा टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा देण्याच्या खिडकीत, रोमन लिपीतच टंकायच्या असतात. येथे त्या उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत आणि जेथे उच्चारावरून अक्षरे कळणार नाहीत तेथे ती सुटी सांगितली आहेत. आज्ञेतील मोकळी जागा, आडवी रेघ आणि तिरकी रेघ जशीच्या तशी टंकावी. ‘नाव’ असे जेथे लिहिले आहे तेथे आपले लॉगइन नाव घालावे. लहान-मोठी अक्षरे वेगळी मानली जातात. वेगळे सांगितले नसेल तर सर्व अक्षरे लहान समजावीत.

हाताशी एक वही ठेवावी. केलेला प्रत्येक बदल, त्याची वेळ आणि आधीची स्थिती लिहून ठेवावी. हे सांगितले की लोक मान डोलावतात आणि वही मात्र काढत नाहीत. पण परवानग्यांच्या बाबतीत ‘आधी काय होते’ हे संगणक सांगत नाही, ते आपल्यालाच ठाऊक असावे लागते.

काम सुरू करण्यापूर्वी ‘आयडी’ (आय, डी) ही आज्ञा द्यावी आणि येणारी पूर्ण ओळ वहीत उतरवून घ्यावी. त्या ओळीत आपला क्रमांक आणि आपण ज्या गटांत आहोत त्यांची नावे असतात. त्यात ‘सुडो’ हा गट दिसत नसेल तर आपल्याला या संगणकावर प्रशासकाचे अधिकार नाहीत, आणि पुढील काही पायऱ्यांसाठी ज्याला ते आहेत त्याला शेजारी बसवावे लागेल.

टप्पा १ : संगणकाला उपकरण दिसते का?

परवानगीचा विचार करण्याआधी उपकरण संगणकापर्यंत पोहोचले आहे की नाही ते पाहावे. टर्मिनल उघडून ‘सुडो डीमेसेज -डब्ल्यू’ ही आज्ञा चालू ठेवावी. मधल्या शब्दाची अक्षरे डी, एम, ई, एस, जी अशी आहेत. मग उपकरणाची केबल काढून पाच सेकंदांनी पुन्हा लावावी. केबल लावताक्षणी नव्या ओळी उमटल्या पाहिजेत आणि त्यांत बहुधा उपकरणाच्या निर्मात्याचे नावही येते. एकही ओळ उमटली नाही, तर दोष परवानगीचा नाही. केबल, पोर्ट किंवा उपकरण यांपैकी एकात तो आहे.

केबलबद्दल थोडे थांबून सांगतो. ब्लूटूथ स्पीकर किंवा दिव्यासोबत मिळणाऱ्या अनेक स्वस्त केबल्समध्ये फक्त वीज वाहून नेणाऱ्या तारा असतात, माहिती नेणाऱ्या नसतात. अशी केबल लावली की बोर्डावरचा दिवा लागतो, फोन चार्ज होऊ लागतो, आणि म्हणून केबल ठीक आहे असा समज होतो. ज्या केबलने पूर्वी फोटो किंवा फाइल उतरवल्या आहेत तीच केबल तपासणीसाठी वापरावी. फोन जोडला असेल तर त्याचे कुलूप उघडावे आणि पडद्यावर येणाऱ्या पर्यायांतून फाइल ट्रान्सफर निवडावा.

लॅपटॉपमधील कॅमेऱ्यासाठी भिंगावरची सरकती झडप आणि कीबोर्डवरचे कॅमेरा बंद करण्याचे बटण दोन्ही पाहावीत. काही लॅपटॉपांत ते बटण दाबल्यावर कॅमेरा संगणकाच्या दृष्टीने अस्तित्वातच राहत नाही.

खात्री : ‘एलएसयूएसबी’ (एल, एस, यू, एस, बी) या आज्ञेच्या यादीत उपकरण दिसले तरच पुढे जावे. कंट्रोल आणि सी एकत्र दाबून आधीची आज्ञा थांबवावी.

टप्पा २ : संदेश अक्षरशः वाचणे

‘चालत नाही’ हा निदानाचा शब्द नव्हे. प्रोग्रामने दाखवलेला इंग्रजी संदेश जसाच्या तसा वहीत उतरवावा, कारण तीन संदेश तीन वेगळ्या दिशांना नेतात.

लिनक्समध्ये प्रत्येक उपकरण ‘डेव्ह’ या फोल्डरातील एका फाइलच्या रूपात दिसते. ‘नो सच फाइल ऑर डायरेक्टरी’ असा संदेश आला तर उपकरणाची फाइलच तयार झालेली नाही किंवा तिचे नाव वेगळे आहे. पुन्हा टप्पा १ कडे जावे.

‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ असा आला तर परवानगी आहे, पण दुसरा प्रोग्राम ते उपकरण अडवून बसला आहे. कॅमेऱ्यासाठी ‘सुडो फ्यूजर -व्ही /डेव्ह/व्हिडिओ०’ ही आज्ञा (पहिला शब्द सुडो, दुसऱ्याची अक्षरे एफ, यू, एस, ई, आर) अडवणाऱ्या प्रोग्रामचे आणि त्याच्या वापरकर्त्याचे नाव दाखवते. बऱ्याचदा तो ब्राउझरचा विसरलेला टॅब असतो.

‘परमिशन डिनाइड’ असा आला तरच हा दोष परवानगीचा आहे आणि तेव्हाच टप्पा ३ पासून पुढे काम करावे.

सावधान : ‘बिझी’ असलेल्या उपकरणाची परवानगी वाढवून काहीही साधत नाही. मी पाहिलेल्या घरांत ही चूक सर्वांत जास्त वेळा झालेली होती.

टप्पा ३ : सेशन कोणाचे आहे?

लॉगइन केल्यापासून लॉगआउट करेपर्यंतचा वापरकर्त्याचा कामाचा काळ म्हणजे सेशन. एकाच संगणकावर एका वेळी अनेक सेशन असू शकतात, पण पडद्यासमोरचे सक्रिय सेशन एकच असते आणि सेशनच्या वाटेने मिळणारी परवानगी फक्त त्यालाच मिळते.

‘लॉगइनसीटीएल लिस्ट-सेशन्स’ ही आज्ञा द्यावी. यादीच्या पहिल्या स्तंभात सेशनचा क्रमांक असतो. आपला क्रमांक उदाहरणार्थ ३ असेल तर ‘लॉगइनसीटीएल शो-सेशन ३’ अशी आज्ञा द्यावी आणि येणाऱ्या यादीतील चार ओळी पाहाव्यात. ‘ॲक्टिव्ह’ समोर ‘येस’ हवे, ‘रिमोट’ समोर ‘नो’ हवे, ‘सीट’ (संगणकाचा पडदा आणि कीबोर्ड यांची जागा) समोर ‘सीट०’ हवे, आणि ‘टाइप’ समोर ‘वेलँड’ किंवा ‘एक्स११’ (पडद्यावर खिडक्या दाखवण्याच्या दोन पद्धती) हवे. यांतील शेवटची नोंद वहीत लिहून ठेवावी. टप्पा ६ मध्ये ती लागेल.

दुरून जोडणी करून तपासणाऱ्यांची येथेच फसगत होते. ठाण्यात बसून एसएसएचने ऐरोलीतल्या संगणकात शिरले की ते एक वेगळे सेशन असते. त्याच्या ‘रिमोट’ समोर ‘येस’ असते आणि त्याला सीट नसते, त्यामुळे तेथून कॅमेरा उघडला तर नकारच मिळतो. तो नकार योग्य आहे. कॅमेऱ्याची चाचणी पडद्यासमोर बसलेल्या माणसाकडूनच करून घ्यावी.

आता कोपरखैरण्यातील एका घराचे उदाहरण देतो. तेथे एक संगणक तिघे वापरतात. वडील महापे येथे नोकरी करतात आणि आठवड्यातून दोन दिवस घरूनच बैठकांना हजर राहतात. मुलगी अभियांत्रिकी शिकते. मुलगी लॉगआउट न करता ‘स्विच युजर’ करून उठत असे, आणि मग वडिलांच्या सेशनमध्ये आवाजही येत नसे आणि माइकही लागत नसे. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की सारे सुरळीत होई, त्यामुळे यंत्रात दोष असावा असे सर्वांना वाटत होते. मुलीच्या खात्यावर ‘आयडी’ आज्ञा दिली तेव्हा कारण समोर आले : काही महिन्यांपूर्वी कोणाच्या तरी सल्ल्यावरून तिला ‘ऑडिओ’ आणि ‘व्हिडिओ’ या गटांत घातले होते. त्यामुळे तिचे सेशन पडद्यामागे गेल्यावरही ध्वनीवरचा तिचा ताबा सुटत नव्हता. गटाची परवानगी समोर कोण बसले आहे ते पाहत नाही.

उपाय एका ओळीचा होता : ‘सुडो जीपासडब्ल्यूडी -डी नाव ऑडिओ’. दुसऱ्या शब्दाची अक्षरे जी, पी, ए, एस, एस, डब्ल्यू, डी. ‘नाव’ येथे मुलीचे लॉगइन नाव. हेच ‘व्हिडिओ’ गटासाठी केले, संगणक पुन्हा सुरू केला आणि दोघांच्या सेशनमध्ये अदलाबदल करून पाहिले.

सावधान : गटातून काढण्यासाठी ‘डेलयूजर’ ही दुसरी आज्ञाही सुचवली जाते. तिच्यात शेवटी गटाचे नाव लिहायचे राहून गेले तर ती गटातून नव्हे, संगणकावरूनच वापरकर्त्याला काढून टाकते. घरच्या संगणकावर ती वापरू नये.

टप्पा ४ : परवानगीची ओळ आणि शेवटचे अधिक चिन्ह

सेशन सक्रिय आहे आणि तरीही नकार येतो, असे असेल तर उपकरणाच्या फाइलची ओळ वाचावी. ‘एलएस -एल /डेव्ह/व्हिडिओ०’ अशी आज्ञा द्यावी (पहिल्या शब्दाची अक्षरे एल, एस, रेघेनंतरचे अक्षर लहान एल).

उत्तराच्या ओळीच्या सुरुवातीला ‘सी’ हे अक्षर असते. ही साधी फाइल नसून उपकरण आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्यानंतर तीन-तीन खुणांचे तीन संच येतात : पहिला मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा इतर सर्वांचा. ‘आर’ म्हणजे वाचता येते, ‘डब्ल्यू’ म्हणजे लिहिता येते, आडवी रेघ म्हणजे ती परवानगी नाही. कॅमेऱ्याच्या बाबतीत मालक ‘रूट’ (संगणकाचे मुख्य प्रशासक खाते), गट ‘व्हिडिओ’ आणि इतरांच्या संचात तिन्ही आडव्या रेघा असतात. हे पाहून अनेकांना वाटते की ‘मी ना रूट, ना व्हिडिओ गटात, म्हणजे मला परवानगी नाही,’ आणि ते स्वतःला गटात घालून मोकळे होतात.

पण या खुणांच्या अगदी शेवटी, मोकळ्या जागेच्या आधी, एक बारीक अधिक चिन्ह असते. लहान अक्षरांच्या पडद्यावर ते सहज निसटते. ते चिन्ह असे सांगते की या नऊ खुणांपलीकडे आणखी एक यादी आहे. ती पाहण्यासाठी ‘गेटएफएसीएल /डेव्ह/व्हिडिओ०’ ही आज्ञा द्यावी (जी, ई, टी, एफ, ए, सी, एल). उत्तरात ‘युजर’ या शब्दानंतर आपले लॉगइन नाव आणि त्यापुढे ‘आरडब्ल्यू’ दिसले तर सेशनच्या वाटेने आपल्याला परवानगी मिळालेली आहे. तेथे घरातील दुसऱ्या कोणाचे नाव दिसले तर पडद्यावरचे सक्रिय सेशन त्याचे आहे. टप्पा ३ कडे परतावे. अधिक चिन्हच नसेल तर हे उपकरण सेशनच्या वाटेचे नाही, गटाच्या वाटेचे आहे, आणि टप्पा ५ लागू होतो.

बहुतेक वेबकॅम दोन फाइल्स तयार करतात. ‘व्हिडिओ०’ मधून चित्र येते, ‘व्हिडिओ१’ मधून चित्राबरोबरची तांत्रिक माहिती. दुसऱ्या फाइलमधून चित्र मिळत नाही म्हणून कॅमेरा सदोष ठरवू नये.

सावधान : येथे ‘चमोड ७७७’, म्हणजे सर्वांना सर्व परवानग्या देणारी आज्ञा, देण्याचा मोह टाळावा (सी, एच, एम, ओ, डी). ‘डेव्ह’ या फोल्डरातील फाइल्स उपकरण लावताना आणि संगणक सुरू होताना नव्याने तयार होतात, त्यामुळे ही परवानगी टिकत नाही. पण ती असेपर्यंत त्या संगणकावरील प्रत्येक खात्याचा प्रत्येक प्रोग्राम कॅमेरा वाचू शकतो. घरात लहान मुले असतील तर याचा अर्थ काय होतो याचा विचार करावा. हीच आज्ञा चुकून संपूर्ण प्रणालीवर चालली तर ‘सुडो’ स्वतःच काम करणे थांबवते, आणि त्यानंतर बहुधा सगळे नव्याने भरावे लागते.

टप्पा ५ : गटात नाव घालणे, आणि त्यानंतरचा लॉगआउट

गटाची वाट मुख्यतः सिरियल पोर्टला, म्हणजे बोर्डाशी माहितीची देवाणघेवाण करण्याच्या जोडणीला, लागते. आर्डुइनो किंवा तत्सम बोर्ड जोडल्यावर ‘डेव्ह’ मध्ये ‘टीटीवाय’ने सुरू होणारी फाइल तयार होते : मूळ ऊनो बोर्डासाठी ‘टीटीवायएसीएम०’, स्वस्त बोर्डांवरील सीएच३४० चिपसाठी ‘टीटीवाययूएसबी०’. येथे ‘टीटीवाय’ लहान आणि पुढची तीन अक्षरे मोठी असतात. टप्पा ४ प्रमाणे ओळ वाचल्यास मालक ‘रूट’, गट ‘डायलआउट’ आणि शेवटी अधिक चिन्ह नाही, असे दिसेल. म्हणजे येथे गटात नाव घालणे हाच योग्य उपाय आहे.

आज्ञा अशी : ‘सुडो अ‍ॅडयूजर नाव डायलआउट’ (दुसरा शब्द ए, डी, डी, यू, एस, ई, आर). मी मुद्दाम हीच आज्ञा देतो. सर्वत्र आढळणारी ‘युजरमॉड’ ही आज्ञा लहान ‘ए’ आणि मोठा ‘जी’ अशा दोन अक्षरांसह द्यावी लागते, आणि त्यातला ‘ए’ राहून गेला तर संगणक कोणतीही सूचना न देता आपल्याला इतर सर्व पूरक गटांतून काढून टाकतो. त्यांत ‘सुडो’ गटही असतो. म्हणजे बोर्ड चालू होतो आणि प्रशासकाचे अधिकार जातात. ते लक्षात येते पुढच्या वेळी काही स्थापित करताना.

आता ज्या ठिकाणी सर्वाधिक वेळ वाया जातो तो भाग. गटांची यादी लॉगइन करताना एकदाच वाचली जाते आणि सेशन संपेपर्यंत तीच धरली जाते. म्हणून आज्ञा यशस्वी होऊनही बोर्ड लगेच चालत नाही. टर्मिनल बंद करून पुन्हा उघडणे पुरत नाही. इतकेच काय, लॉगआउट करून लगेच लॉगइन करणेही कधी कधी पुरत नाही, कारण लॉगआउटनंतर आपल्या खात्याची पार्श्वभूमीतील व्यवस्था सुमारे १० सेकंद जिवंत ठेवली जाते. पासवर्ड पाठ असलेला माणूस चार सेकंदांत परत आत येतो आणि त्याला जुनीच यादी मिळते. नेरूळमधील एका शाळकरी मुलाने हे तीनदा केले, प्रत्येक वेळी उपाय चुकला असे समजून नवा उपाय शोधला, आणि अखेर बोर्ड जळाला असे गृहीत धरून दुसरा मागवायला निघाला होता. लॉगआउट केल्यावर अर्धा मिनिट थांबावे, किंवा सरळ संगणक पुन्हा सुरू करावा.

खात्री : ‘आयडी नाव’ आणि नुसते ‘आयडी’ अशा दोन्ही आज्ञा द्याव्यात. पहिली संगणकाच्या नोंदीत काय आहे ते सांगते, दुसरी चालू सेशनने काय धरले आहे ते. ‘डायलआउट’ पहिल्यात दिसतो आणि दुसऱ्यात दिसत नाही, तर नोंद बरोबर आहे आणि सेशन जुने आहे. ही एक तपासणी लक्षात ठेवली तरी पुष्कळ मनस्ताप वाचेल.

उबुंटू २२.०४ वर सीएच३४० चिपचा बोर्ड लावल्यावर ‘टीटीवाययूएसबी०’ ही फाइल क्षणभर दिसून नाहीशी होत असेल, तर कारण वेगळे आहे. ब्रेल पडद्यांसाठीचा ‘बीआरएलटीटीवाय’ हा प्रोग्राम त्या चिपला ब्रेल यंत्र समजून ताब्यात घेतो. टप्पा १ मधील ओळींत त्याचे नाव दिसते. घरात कोणी ब्रेल यंत्र वापरत नसेल तरच तो प्रोग्राम काढून टाकावा.

टप्पा ६ : ॲप, ब्राउझर आणि पडदा दाखवणे

प्रणालीची परवानगी असूनही ॲप नकार देत असेल तर ॲपच्या स्वतःच्या मर्यादा पाहाव्यात. ब्राउझरमध्ये पत्त्याच्या डावीकडील खुणेवर टिचकी मारून त्या संकेतस्थळाला कॅमेरा आणि माइक दिले आहेत का ते पाहावे. एकदा ‘ब्लॉक’ केलेले तो पुन्हा विचारत नाही. स्नॅप आणि फ्लॅटपॅक ही ॲप बसवण्याची दोन स्वरूपे आहेत आणि त्यांत ॲपला वेगळ्या परवानग्या लागतात. स्नॅप स्वरूपातील ॲपसाठी ‘स्नॅप कनेक्शन्स ॲपचे-नाव’ ही आज्ञा द्यावी. ‘कॅमेरा’ किंवा ‘ऑडिओ-रेकॉर्ड’ समोर नुसती आडवी रेघ असेल तर ती जोडणी बंद आहे. फ्लॅटपॅकसाठी फ्लॅटसील हे ॲप बसवून तेथून पाहावे.

बैठकीत आपला पडदा दाखवताना समोरच्यांना काळा चौकोन दिसत असेल तर टप्पा ३ मध्ये लिहून ठेवलेला सेशनचा प्रकार पाहावा. वेलँडमध्ये कोणताही ॲप दुसऱ्याचा पडदा परस्पर वाचू शकत नाही. कोणती खिडकी दाखवायची ते विचारणारी एक चौकट येते आणि तिच्यात निवड करावी लागते. ती घाईत बंद केली की काळेच दिसणार. जुन्या ॲपला ही चौकट दाखवता येत नसेल तर लॉगआउट करावे, लॉगइन पडद्यावर आपले नाव निवडल्यानंतर खालच्या कोपऱ्यात येणाऱ्या दातेरी चाकावर टिचकी मारावी आणि ‘उबुंटू ऑन एक्सऑर्ग’ (म्हणजे एक्स११) निवडावे. हा पर्याय उबुंटू २४.०४ मध्ये आहे, २५.१० पासून काढून टाकलेला आहे. मिंटचा सिनॅमन हा डेस्कटॉप मुळातच एक्स११ वर चालतो.

टप्पा ७ : पेन ड्राइव्ह आणि जुनी हार्ड डिस्क

पेन ड्राइव्ह फाइल मॅनेजरमधील चिन्हावर टिचकी मारूनच उघडावा. ‘सुडो माउंट’ने उघडला तर त्यातील सारे रूटच्या मालकीचे दिसते आणि मग ‘चमोड’ने काही बदलत नाही, कारण फॅट३२ आणि एक्सफॅट या स्वरूपांत लिनक्सच्या परवानग्या साठवण्याची सोयच नाही, मालक कोण हे उघडतानाच ठरते. तसेच एका वापरकर्त्याने उघडलेला पेन ड्राइव्ह त्याच्याच नावाच्या फोल्डरात राहतो. दुसऱ्याला तो हवा असेल तर पहिल्याने आपल्या सेशनमधून तो ‘इजेक्ट’ करावा.

विंडोज आणि लिनक्स एकाच संगणकावर असतील आणि विंडोजचा भाग फक्त वाचता येत असेल, तर विंडोज पूर्ण बंद झालेले नाही. त्यात शिफ्ट दाबून धरून ‘शट डाउन’ करावे. लिनक्समधून बळजबरीने लिहू नये.

जुन्या लिनक्स संगणकातून काढलेली डिस्क असेल तर तिच्यावर मालकाचे नाव नव्हे, क्रमांक नोंदलेला असतो. पहिल्या वापरकर्त्याचा क्रमांक १००० असतो. घरात दुसऱ्या क्रमाने तयार केलेल्या खात्यावर बसून ती उघडली तर फोटो आपले असूनही नकार येईल. अशा वेळी पहिल्या खात्यातून त्या फाइल्सची प्रत करून घ्यावी. मालकी बदलण्याची गरज क्वचितच पडते.

टप्पा ८ : पासवर्डनंतर पुन्हा पासवर्डचाच पडदा

प्रथम दोन स्थिती वेगळ्या कराव्यात. ‘पासवर्ड चुकला’ असा संदेश येत असेल तर लॉगइन पडद्यावरील कीबोर्डची निवड पाहावी. ज्यांनी मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड जोडला आहे त्यांच्याकडे तो लॉगइनच्या वेळीही निवडलेला राहू शकतो. टिंबे दिसतात, पण टिंबांमागे देवनागरी अक्षरे असतात. इंग्रजी निवडून पुन्हा प्रयत्न करावा. संदेश न येता पडदा क्षणभर काळा होऊन पुन्हा तेथेच येत असेल, तर पासवर्ड बरोबर आहे आणि सेशन सुरू होताच कोसळते आहे.

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबावे. लॅपटॉपवर एफएन बटणही लागू शकते. काळ्या पडद्यावर लॉगइन नाव आणि पासवर्ड द्यावा. पासवर्ड टंकताना काहीच उमटत नाही, हे अपेक्षित आहे. त्यानंतर पुढील क्रमाने जावे.

पहिली तपासणी जागेची. ‘डीएफ -एच’ दिल्यावर ज्या ओळीच्या शेवटी नुसती तिरकी रेघ आहे तिच्यासमोर १०० टक्के दिसत असेल, तर डिस्क भरली आहे आणि सेशनला स्वतःच्या फाइल्स लिहायला जागाच नाही. ‘सुडो ॲप्ट क्लीन’ आणि ‘सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम’ (शेवटचा एम मोठा, अंक रोमन कीबोर्डवरचे) यांनी थोडी जागा होते; लॉगइन झाल्यावर डाउनलोड आणि कचरापेटी रिकामी करावी.

दुसरी तपासणी मालकीची. ‘फाइंड /होम/नाव -नॉट -युजर नाव’ ही आज्ञा आपल्या घरफोल्डरातील अशा फाइल्स दाखवते ज्या आपल्या मालकीच्या नाहीत. फाइल मॅनेजर किंवा एडिटर ‘सुडो’ लावून चालवला की अशा फाइल्स मागे राहतात. मिंटमध्ये ‘.एक्सऑथोरिटी’ (आधी टिंब, एक्स मोठा) ही एकटी फाइल रूटच्या मालकीची झाली तरी लॉगइन अडते. यादीत अशा फाइल्स दिसल्या तर ‘सुडो चाऊन -आर नाव:नाव /होम/नाव’ द्यावे (सी, एच, ओ, डब्ल्यू, एन, आर मोठा).

सावधान : एंटर दाबण्यापूर्वी ही ओळ मोठ्याने वाचावी. पहिल्या तिरक्या रेघेनंतर मोकळी जागा पडली तर संपूर्ण प्रणालीची मालकी बदलेल.

तिसरी तपासणी नव्या वापरकर्त्याची. ‘सुडो अ‍ॅडयूजर चाचणी’ देऊन ‘चाचणी’ऐवजी रोमन अक्षरांतील कोणतेही छोटे नाव घालावे, आणि कंट्रोल, ऑल्ट, एफ१ ने (मिंटमध्ये एफ७ ने) परत जाऊन त्या नावाने लॉगइन करून पाहावे. ते झाले तर दोष आपल्या घरफोल्डरात आहे, बहुधा ‘.प्रोफाइल’ फाइलमध्ये नुकत्याच घातलेल्या एखाद्या ओळीत. तेही झाले नाही तर दोष डेस्कटॉप किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये आहे, आणि घरफोल्डराला हात लावू नये.

‘सुडो’ गटच गेला असेल, जसे टप्पा ५ मधील चुकीने होते, तर संगणक सुरू होताना एस्केप दाबून (जुन्या संगणकांत शिफ्ट दाबून धरून) ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ मधील ‘रिकव्हरी मोड’ निवडावा आणि तेथील यादीतून ‘रूट’ घ्यावे. प्रथम ‘माउंट -ओ रिमाउंट,आरडब्ल्यू /’ द्यावे, नाहीतर बदल लिहिलाच जाणार नाही. मग ‘अ‍ॅडयूजर नाव सुडो’ द्यावे. तयारीच्या वेळी वहीत उतरवलेली ‘आयडी’ची ओळ आता काढावी आणि तिच्यातील जे गट गेले असतील ते, ‘ऑडिओ’ आणि ‘व्हिडिओ’ वगळून, एकेक करून याच पद्धतीने परत घालावेत. संगणक पुन्हा सुरू करून ‘आयडी’ची नवी ओळ जुनीशेजारी ठेवून जुळवून पाहावी.